लॉग गेला कुठे? मॉड्यूलर जावा ॲपमध्ये लॉगिंग बिघडलं की शोध कुठून सुरू करायचा

ॲप व्यवस्थित चालू होतं, कामही करतं, पण लॉगची फाइल रिकामीच राहते. किंवा उलट होतं: कॉन्फिग फाइलमध्ये लेव्हल (किती तपशील लिहायचा ते) इन्फो लिहिलेली असूनही कन्सोलवर डीबगच्या, म्हणजे त्याहून बारीक तपशिलाच्या, ओळींचा पूर येतो. अशा वेळी नवशिक्याचा हात आधी एक्सएमएल फाइलकडे जातो. तो लेव्हल बदलतो, पॅटर्न बदलतो, ॲपेंडर (नोंद कुठे लिहायची ते ठरवणारा भाग) बदलतो, आणि फरक काहीच पडत नाही. कारण बहुतेक वेळा चूक त्या फाइलमध्ये नसतेच, ती फाइल कोणी वाचलेलीच नसते. म्हणून या लेखात शोधाचा क्रम उलटा ठेवला आहे. आधी फाइल वाचणारा कोण आहे ते पाहायचं, मग त्याला फाइल सापडते का ते बघायचं आणि सगळ्यात शेवटी फाइलच्या आत डोकवायचं.

उदाहरणासाठी दोन मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे कोडचा स्वतःच्या सीमा असलेला भाग) एक छोटं ॲप धरू. मुख्य मॉड्यूल कॉम.दुकान.ॲप आणि त्याच्या हाताखालचं कॉम.दुकान.बिल. लॉगिंगसाठी एसएलएफ४जे २.० (आपला कोड ज्याला हाक मारतो तो) आणि लॉगबॅक १.५ (प्रत्यक्ष लॉग लिहिणारा). सगळे जार (जावाच्या कोडचे गठ्ठे) लिब नावाच्या फोल्डरमध्ये. आज्ञा, फाइली आणि क्लास यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगमध्ये, लहान-मोठी अक्षरं सांभाळून लिहायची.

जावात मॉड्यूल आले ते आवृत्ती ९ पासून, म्हणजे सप्टेंबर २०१७ मध्ये. त्याआधी जार क्लास पाथवर (जावा क्लास जिथे शोधतं त्या यादीत) असला की झालं, सगळ्यांना सगळं दिसायचं. आता जार फोल्डरमध्ये असणं, त्यातलं मॉड्यूल ॲपच्या जाळ्यात घेतलं जाणं आणि त्याच्या आतली फाइल दुसऱ्याला दिसणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लॉगिंगचे बहुतेक घोळ या तिघांपैकी कुठलीतरी एक सुटल्यामुळे होतात.

आधी लक्षण नीट पाहा

काहीही बदलण्याआधी कन्सोलवर आलेल्या पहिल्या दहा-पंधरा ओळी शांतपणे वाचा. निम्मं निदान तिथेच होतं.

लॉग अजिबात नाही आणि सुरुवातीला «नो एसएलएफ४जे प्रोव्हायडर्स वेअर फाउंड» अशी ओळ दिसते: म्हणजे एसएलएफ४जे मिळालं, पण प्रत्यक्ष लिहिणारं कोणी मिळालं नाही. एसएलएफ४जे हा फक्त दरवाजा आहे. आत लॉगबॅकसारखा प्रोव्हायडर नसेल तर ते सगळे संदेश गुपचूप टाकून देतं. कॉन्फिग फाइलचा इथे काही संबंधच नाही.

डीबगचा पूर येतो आणि ओळींची सुरुवात तारखेविना फक्त वेळेने होते: लॉगबॅक मिळाला, पण त्याला कॉन्फिग फाइल सापडली नाही. अशा वेळी तो स्वतःची साधी मांडणी वापरतो, म्हणजे डीबग आणि त्यावरचं सगळं कन्सोलवर.

तुमच्या ओळी तुमच्या पॅटर्नमध्ये येतात, पण मध्येच काही नोंदी दोन-दोन ओळींच्या, पहिल्या ओळीत तारीख-क्लास-मेथड आणि दुसरीत «इन्फो:» अशा दिसतात: त्या नोंदी जावाच्या स्वतःच्या लॉगिंगमधून, म्हणजे जावा.युटिल.लॉगिंगमधून, थेट बाहेर पडत आहेत.

प्रत्येक ओळ दोनदा येते: हा ॲडिटिव्हिटीचा, म्हणजे नोंद वरच्या लॉगरकडेही जाण्याचा, घोळ आहे. त्याबद्दल पुढे.

ॲप सुरूच होत नाही आणि «एरर अकर्ड ड्युरिंग इनिशियलायझेशन ऑफ बूट लेयर» असा संदेश येतो: मॉड्यूलच्या जोडणीतच बिघाड आहे. हा संदेश पाहून घाबरू नका. त्याच्या पुढच्या ओळीत कुठलं मॉड्यूल सापडलं नाही किंवा कुठलं पॅकेज दोन ठिकाणी आहे ते नावासकट दिलेलं असतं. गुपचूप गायब होणाऱ्या लॉगपेक्षा ही चूक कितीतरी बरी.

ॲप खरंच मॉड्यूल म्हणून चालतंय का?

हा प्रश्न खुळचट वाटेल, पण याचं उत्तर पुष्कळदा «नाही» असं निघतं. जारमध्ये मॉड्यूल-इन्फो (मॉड्यूलला काय लागतं आणि ते काय उघडं ठेवतं ते सांगणारी फाइल) आहे म्हणून ॲप मॉड्यूलर झालं असं होत नाही. «जावा -जार दुकान.जार» अशी आज्ञा दिली तर तो जार क्लास पाथवरच जातो, आतल्या मॉड्यूल-इन्फोकडे कोणी बघत नाही. मॉड्यूल म्हणून चालवायचं असेल तर आज्ञा अशी हवी:

जावा --मॉड्यूल-पाथ लिब --मॉड्यूल कॉम.दुकान.ॲप/कॉम.दुकान.ॲप.मेन

आपण कुठल्या जगात आहोत हे कळायला मेन मेथडच्या अगदी पहिल्या ओळीत तात्पुरतं मेन.क्लास.गेटमॉड्यूल() छापा. «मॉड्यूल कॉम.दुकान.ॲप» असं उत्तर आलं तर ठीक. «अननेम्ड मॉड्यूल» आलं तर तुम्ही क्लास पाथवर आहात आणि पुढचे मॉड्यूलचे नियम तुमच्या ॲपला लागूच होत नाहीत. तुमच्या मशीनवर चालणारं आणि सर्व्हरवर न चालणारं लॉगिंग बऱ्याचदा याच फरकातून येतं: आयडीई मॉड्यूल पाथवर चालवतं आणि सर्व्हरवरची स्क्रिप्ट -जार वापरते, किंवा याच्या बरोबर उलट.

आज्ञेबद्दल आणखी एक. -डी ने सुरू होणारे पर्याय मॉड्यूलच्या किंवा जारच्या नावाच्या आधी यायला हवेत. नंतर लिहिले तर जावा ते मेन मेथडचे आर्ग्युमेंट समजतं. कसलीही तक्रार न करता.

प्रोव्हायडर जोडला गेला का?

मॉड्यूल-इन्फोमध्ये लॉगिंगसाठी एकच ओळ लागते:

रिक्वायर्स ओआरजी.एसएलएफ४जे;

ही ओळ नसेल तर कंपाइल करतानाच «पॅकेज ओआरजी.एसएलएफ४जे इज नॉट व्हिजिबल» असा एरर येतो. पण लॉगबॅकसाठी रिक्वायर्स लिहू नका. नवशिके इथे हमखास घसरतात. बिल्ड करणाऱ्या मेव्हनमध्ये लॉगबॅक-क्लासिकचा स्कोप (लायब्ररी कोणत्या टप्प्यात लागते ते) रनटाइम ठेवायचा असतो, आणि तसा ठेवला की कंपाइलच्या वेळी तो मॉड्यूल पाथवर नसतो. मग मॉड्यूल-इन्फोमध्ये त्याचं नाव लिहिलं की «मॉड्यूल नॉट फाउंड». लॉगबॅकचे क्लास तुमच्या कोडमध्ये थेट वापरत असाल तरच तो रिक्वायर्समध्ये यावा.

मग रिक्वायर्स न लिहिता लॉगबॅक जाळ्यात येतो कसा? एसएलएफ४जे २.० च्या मॉड्यूलने जाहीर केलेलं असतं की मला एसएलएफ४जेसर्व्हिसप्रोव्हायडर नावाची सेवा लागते. लॉगबॅक-क्लासिकच्या मॉड्यूलने जाहीर केलेलं असतं की ती सेवा मी देतो. जावा सुरू होताना दोघांची गाठ आपोआप घालून देतं. ही गाठ पडली का, ते डोळ्यांनी पाहता येतं:

जावा --शो-मॉड्यूल-रेझोल्यूशन --मॉड्यूल-पाथ लिब --मॉड्यूल कॉम.दुकान.ॲप/कॉम.दुकान.ॲप.मेन

शेकडो ओळी येतील, पण त्यात एकच शोधायची: «ओआरजी.एसएलएफ४जे बाइंड्स सीएच.क्यूओएस.लॉगबॅक.क्लासिक». लिनक्सवर ग्रेप आणि विंडोजवर फाइंडस्ट्र लावलं की लगेच सापडते. ओळीच्या शेवटी जारचा पूर्ण पत्ताही असतो, त्यामुळे दुसऱ्याच फोल्डरमधला जुना जार उचलला जात असेल तर तोही इथेच पकडला जातो.

चालत्या ॲपमध्ये खात्री करायची असेल तर लॉगरफॅक्टरी.गेटआयलॉगरफॅक्टरी().गेटक्लास() छापून पाहा. लॉगबॅकच्या लॉगरकॉन्टेक्स्टचं नाव आलं तर जोडणी झाली. एनओपीलॉगरफॅक्टरी आलं तर झाली नाही.

बाइंड्सची ओळ नसेल तर कारणं मोजकीच असतात.

पहिलं आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे आवृत्त्यांची न जमणारी जोडी. एसएलएफ४जे १.७ प्रोव्हायडर शोधायचं ते स्टॅटिकलॉगरबाइंडर नावाच्या ठरावीक क्लासवरून. २.० ने ती पद्धत सोडून सर्व्हिसलोडर, म्हणजे जावाची सेवा शोधण्याची सोय, घेतला. त्यामुळे १.७ बरोबर लॉगबॅक १.२ चालतो, आणि २.० बरोबर लॉगबॅक १.३ किंवा त्यापुढचा लागतो. जोडी उलटसुलट झाली तर संदेशावरून ओळखता येते: «फेल्ड टू लोड क्लास ओआरजी.एसएलएफ४जे.इम्प्ल.स्टॅटिकलॉगरबाइंडर» असं आलं तर एसएलएफ४जे जुनं आहे. प्रोव्हायडर नाही असं सांगून पुढे «१.७.एक्स ऑर अर्लियर» साठीच्या बाइंडिंगचा उल्लेख आला तर लॉगबॅक जुना आहे. जुना जार बहुधा तुम्ही घेतलेला नसतो, दुसऱ्या एखाद्या लायब्ररीच्या पाठोपाठ आलेला असतो. मेव्हनमध्ये «एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री -डीइन्क्लूड्स=ओआरजी.एसएलएफ४जे,सीएच.क्यूओएस.लॉगबॅक» दिलं की तो कोणाच्या मागून आला ते दिसतं. ग्रेडलमध्ये हेच काम डिपेंडन्सीइनसाइट करतं. आवृत्ती डिपेंडन्सीमॅनेजमेंटमध्ये एकाच जागी बांधून टाका. मॉड्यूलच्या प्रत्येक पॉम फाइलमध्ये वेगवेगळी लिहीत बसू नका.

दुसरं कारण: लॉगबॅकचा स्कोप टेस्ट राहून गेला. टेस्ट चालवताना लॉग दिसतो, सर्व्हरवर गेल्यावर गायब.

तिसरं: सगळे जार एकत्र करून एकच मोठा जार बनवला. अनेक जारमध्ये मेटा-इन्फ/सर्व्हिसेस फोल्डर असतो आणि एकत्र करताना एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर चढतात. मेव्हनच्या शेड प्लगइनमध्ये सर्व्हिसेसरिसोर्सट्रान्सफॉर्मर लावला की त्या नीट जोडल्या जातात. पण असा मोठा जार शेवटी क्लास पाथवरच चालणार, हे लक्षात असू द्या.

«क्लास पाथ कंटेन्स मल्टिपल एसएलएफ४जे प्रोव्हायडर्स» असा इशारा दिसला तर त्याकडे काणाडोळा करू नका. दोन प्रोव्हायडर असताना कोणता निवडला जाईल यावर विसंबता येत नाही. आज लॉगबॅक निवडला गेला, उद्या दुसऱ्या मशीनवर एसएलएफ४जे-सिंपल. नको असलेला काढूनच टाका.

लॉगबॅकला बोलतं करा

प्रोव्हायडर सापडला, आता कॉन्फिग. लॉगबॅक फाइल शोधताना आणि वाचताना काय काय केलं याची आतल्या आत नोंद ठेवतो, पण वाचताना इशारा किंवा एरर आला तरच ती छापतो. फाइल वाचली जातेय एवढं नक्की असेल तर तिच्या कॉन्फिगरेशन टॅगवर डीबग="ट्रू" लिहिलं की पुरतं. पण फाइल वाचलीच जात नसेल तर तिच्यात लिहून काय उपयोग? त्यासाठी आज्ञेतूनच सांगायचं:

-डीलॉगबॅक.स्टेटसलिसनरक्लास=सीएच.क्यूओएस.लॉगबॅक.कोअर.स्टेटस.ऑनकन्सोलस्टेटसलिसनर

आता सुरुवातीलाच ओळी येतील: लॉगबॅक-टेस्ट.एक्सएमएल सापडली नाही, लॉगबॅक.एक्सएमएल या पत्त्यावर सापडली, वगैरे. तो पत्ता पूर्ण वाचा. तुम्ही बदलत होता तीच ती फाइल आहे का? टार्गेट फोल्डरमधली जुनी प्रत, किंवा भलत्याच जारमधली, असं निघायची शक्यता मोठी असते.

शोधाचा क्रम साधारण असा: आधी लॉगबॅक.कॉन्फिगरेशनफाइल ही सिस्टम प्रॉपर्टी, मग लॉगबॅक-टेस्ट.एक्सएमएल, मग लॉगबॅक.एक्सएमएल, आणि काहीच नाही मिळालं तर ती डीबगवाली साधी मांडणी. या क्रमातून दोन सापळे तयार होतात. टेस्टसाठीची फाइल चुकून मुख्य रिसोर्सेस फोल्डरमध्ये ठेवली तर ती सर्व्हरवरही खऱ्या फाइलच्या पुढे उभी राहते. आणि दोन मॉड्यूलमध्ये दोन लॉगबॅक.एक्सएमएल असतील तर लॉगबॅक इशारा देतो की हे रिसोर्स एकाहून जास्त वेळा सापडलं, आणि त्यातलं एक उचलतो. आमचं ठाम मत: कॉन्फिग फाइल फक्त मुख्य मॉड्यूलमध्ये असावी. कॉम.दुकान.बिल सारख्या लायब्ररी मॉड्यूलमध्ये ती कधीच ठेवू नये. लॉग कुठे आणि किती लिहायचा हा निर्णय ॲप चालवणाऱ्याचा आहे.

फाइल आहे, पण दिसत नाही

मॉड्यूलर ॲपमधला सगळ्यात फसवा भाग हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा फाइली नीटनेटक्या राहाव्यात म्हणून तुम्ही रिसोर्सेसमध्ये कॉन्फिग नावाचा फोल्डर केला, त्यात प्रॉड-लॉग.एक्सएमएल ठेवली आणि -डीलॉगबॅक.कॉन्फिगरेशनफाइल=कॉन्फिग/प्रॉड-लॉग.एक्सएमएल असं दिलं. क्लास पाथवर हे चालतं. मॉड्यूल पाथवर चालत नाही. जार उघडून पाहिला तर फाइल जागेवर आहे, स्पेलिंग बरोबर आहे, तरी लॉगबॅक म्हणतो सापडली नाही, आणि पुढच्या पर्यायाकडे जातो.

कारण असं. मॉड्यूलमध्ये एखाद्या फोल्डरचं नाव जावाच्या पॅकेजला शोभणारं असेल तर आत एकही क्लास नसला तरी जावा त्याला पॅकेज मानतं. आणि पॅकेज म्हटलं की ते मॉड्यूलच्या आत बंद. बाहेरचा कोणी, म्हणजे लॉगबॅकसुद्धा, क्लासलोडरकडून त्यातली फाइल मागू शकत नाही. जारच्या मुळाशी असलेल्या फाइली, मेटा-इन्फमधल्या फाइली आणि ज्यांचं नाव पॅकेज होऊच शकत नाही अशा फोल्डरमधल्या फाइली मात्र मोकळ्या असतात. म्हणूनच मुळाशी ठेवलेली लॉगबॅक.एक्सएमएल कसलीही परवानगी न देता सापडते.

यावर चार उपाय आहेत, पसंतीच्या क्रमाने.

फाइल जारच्या मुळाशी ठेवा. मेव्हनमध्ये एसआरसी/मेन/रिसोर्सेसमध्ये थेट. बहुतेकांना एवढंच पुरतं.

सर्व्हरवर बदलावी लागणारी फाइल असेल तर ती जारच्या बाहेर ठेवा आणि प्रॉपर्टीत डिस्कवरचा पूर्ण पत्ता द्या. मॉड्यूलचा प्रश्नच उरत नाही, आणि लेव्हल बदलायला पुन्हा बिल्ड करावं लागत नाही. शिवाय कॉन्फिगरेशन टॅगवर स्कॅन="ट्रू" आणि स्कॅनपिरियड="३० सेकंड्स" लिहिलं (आकडा फाइलमध्ये रोमन लिपीत) तर ॲप चालू असतानाच बदल लागू होतो. स्कॅनपिरियड न दिल्यास दर मिनिटाला एकदा तपासलं जातं.

फोल्डर हवाच असेल तर नावात जोडरेघ घाला, उदाहरणार्थ लॉग-कॉन्फिग. जोडरेघ असलेलं नाव पॅकेज होऊ शकत नाही, म्हणून तो फोल्डर मोकळा राहतो.

किंवा मॉड्यूल-इन्फोमध्ये «ओपन्स कॉन्फिग;» लिहा. इथे एक बारकावा आहे: «ओपन्स कॉन्फिग टू सीएच.क्यूओएस.लॉगबॅक.कोअर;» असं एकाच मॉड्यूलपुरतं उघडलं तर काम होत नाही. क्लासलोडरमार्फत फाइल शोधताना पॅकेज सगळ्यांसाठी उघडं असावं लागतं. क्लास नसलेल्या पॅकेजसाठी ओपन्स लिहिल्यावर कंपाइलर इशारा देऊ शकतो, तो फक्त इशारा आहे.

याच नियमातून आणखी एक गोंधळ निघतो. दोन मॉड्यूलमध्ये कॉन्फिग नावाचा फोल्डर असेल तर जावाच्या दृष्टीने तेच पॅकेज दोन मॉड्यूलमध्ये झालं, आणि ॲप सुरू होतानाच «पॅकेज कॉन्फिग इन बोथ मॉड्यूल...» म्हणत पडतं. दोन्हींमध्ये मिळून एकही क्लास नसताना पॅकेजची तक्रार कशी, म्हणून नवा माणूस तासन्‌तास शोधत बसतो. फोल्डरला मॉड्यूलचंच नाव द्या, जसं कॉम/दुकान/बिल/कॉन्फिग, की टक्कर होत नाही. असे आणखी घोळ ॲप न चालवता शोधायला «जावा --मॉड्यूल-पाथ लिब --व्हॅलिडेट-मॉड्यूल्स» ही आज्ञा फार कामाची आहे.

लॉगबॅक.एक्सएमएलमधून इन्क्लूड रिसोर्स="..." लिहून दुसरी फाइल ओढत असाल तर तिलाही हेच नियम लागतात.

लेव्हल आणि दुहेरी ओळी

फाइल वाचली जाते हे सिद्ध झाल्यावरच इथे या. लॉगरचं नाव हे बहुधा क्लासचं पूर्ण नाव असतं, म्हणजे पॅकेजवरून बनतं. मॉड्यूलच्या नावाशी त्याचा संबंध नाही. मॉड्यूल कॉम.दुकान.बिल आणि आतलं पॅकेज कॉम.दुकान.बिलिंग असेल तर कॉन्फिगमध्ये पॅकेजचंच नाव लिहायचं. मॉड्यूलचं नाव लिहिलं तर एरर येत नाही, नुसता परिणाम होत नाही.

एखाद्या लॉगरला स्वतःचा ॲपेंडर-रेफ दिला आणि रूटलाही (सगळ्यांच्या वरच्या लॉगरलाही) तोच दिला, की नोंद दोन्हीकडून लिहिली जाते. फक्त लेव्हल बदलायची असेल तर लॉगरला ॲपेंडर-रेफ देऊच नका. खरोखर वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं असेल तर ॲडिटिव्हिटी="फॉल्स" लावा.

जावाचं स्वतःचं लॉगिंग

जावा.युटिल.लॉगिंग हे जावा.लॉगिंग नावाच्या मॉड्यूलमध्ये आहे. थेट वापरायचं तर «रिक्वायर्स जावा.लॉगिंग;» लागतं. त्याची मूळ कॉन्फिग फाइल जावा ९ पासून जावाच्या फोल्डरमध्ये कॉन्फ/लॉगिंग.प्रॉपर्टीज इथे असते. ती बदलू नका. स्वतःची फाइल करून तिचा पत्ता -डीजावा.युटिल.लॉगिंग.कॉन्फिग.फाइल ने द्या. ही प्रॉपर्टी क्लास पाथ किंवा मॉड्यूलमध्ये शोधत नाही, तिला डिस्कवरचाच पत्ता लागतो. पत्ता चुकला तर सहसा स्पष्ट तक्रारही येत नाही.

नवशिक्यांची नेहमीची तक्रार: «.लेव्हल=फाइन केलं तरी फाइनच्या ओळी येत नाहीत.» फाइन म्हणजे जावाच्या लॉगिंगमधली इन्फोहून बारीक लेव्हल. इथे लेव्हल दोन ठिकाणी तपासली जाते, आधी लॉगरवर आणि मग नोंद बाहेर लिहिणाऱ्या हँडलरवर. कन्सोलहँडलरची लेव्हल मुळात इन्फो असते. म्हणून जावा.युटिल.लॉगिंग.कन्सोलहँडलर.लेव्हल=फाइन हीसुद्धा ओळ हवी.

कोडमधून लेव्हल बदलत असाल तर तो लॉगर स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवा. लॉगमॅनेजर लॉगरला घट्ट पकडत नाही. कोणी धरलेला नसेल तर गार्बेज कलेक्टर तो साफ करतो आणि तुम्ही ठेवलेली लेव्हल त्याच्यासोबत जाते. आधी चालत होतं आणि थोड्या वेळाने बंद पडलं अशा तक्रारीमागे हे असू शकतं.

जावाच्या लॉगिंगमधली नोंद लॉगबॅककडे वळवायची असेल तर जेयूएल-टू-एसएलएफ४जे हा पूल लावतात. जार टाकून भागत नाही, मेनच्या सुरुवातीलाच एसएलएफ४जेब्रिजहँडलर.रिमूव्हहँडलर्सफॉररूटलॉगर() आणि मग इन्स्टॉल() बोलवावं लागतं. पहिलं विसरलात तर जुन्या कन्सोलवरही ओळी येत राहतात. आणि पूल असला तरी नोंद आधी जावाच्या लेव्हलच्या चाळणीतून जाते, म्हणून फाइनच्या ओळी पलीकडे पोचतच नाहीत. लॉगबॅकच्या कॉन्फिगमध्ये लेव्हलचेंजप्रोपगेटर हा कॉन्टेक्स्टलिसनर लावला की दोन्हीकडच्या लेव्हल जुळतात आणि बंद लेव्हलच्या नोंदींवर वाया जाणारा वेळही वाचतो. या पुलासोबत एसएलएफ४जे-जेडीके१४ चा जार मात्र ठेवू नका. तो उलट्या दिशेचा रस्ता आहे. नोंद दोघांमध्ये फिरत राहते आणि शेवट स्टॅकओव्हरफ्लोमध्ये होतो.

जावा ९ ने सिस्टम.लॉगर नावाचा आणखी एक दरवाजा आणला. त्यातल्या नोंदी एसएलएफ४जेकडे वळवायला एसएलएफ४जे-जेडीके-प्लॅटफॉर्म-लॉगिंग हा जार मॉड्यूल पाथवर ठेवला की पुरतं, कोड लागत नाही.

स्वतः लिहिलेला ॲपेंडर

कॉन्फिगमध्ये तुमच्या क्लासचं नाव आहे, क्लास पब्लिक आहे, तरी इलिगलॲक्सेसएक्सेप्शन येतं आणि त्यात «डज नॉट एक्सपोर्ट» हे शब्द असतात. त्या क्लासचा ऑब्जेक्ट तुमचा कोड नव्हे, लॉगबॅक-कोअर बनवतो, आणि त्याला तुमचं पॅकेज दिसत नाही. मॉड्यूल-इन्फोमध्ये लिहा:

एक्सपोर्ट्स कॉम.दुकान.लॉग टू सीएच.क्यूओएस.लॉगबॅक.कोअर;

जावा.युटिल.लॉगिंगसाठी स्वतःचा हँडलर किंवा फॉर्मॅटर लिहिला असेल तर टू च्या पुढे जावा.लॉगिंग. हँडलरच्या बाबतीत हे विसरल्याची खूण म्हणजे «कान्ट लोड लॉग हँडलर».

लॉग फाइल तयारच होत नाही

फाइल टॅगमध्ये लॉग्स/दुकान.लॉग असा अर्धा पत्ता असेल तर तो ॲप ज्या फोल्डरमधून सुरू झालं तिथून मोजला जातो. लिनक्सवरच्या सिस्टमडी सेवेत वर्किंगडिरेक्टरी दिली नसेल तर तो फोल्डर म्हणजे मुळाचा «/», आणि तिथे लिहायची परवानगी साध्या युजरला नसते. पूर्ण पत्ता द्या. साइझअँडटाइमबेस्डरोलिंगपॉलिसी वापरत असाल तर फाइलनेमपॅटर्नमध्ये %आय (फाइलच्या क्रमांकाची खूण) लागतोच, नसेल तर ॲपेंडर सुरू होत नाही. मध्यम आकाराच्या ॲपसाठी मॅक्सफाइलसाइझ १० एमबी, मॅक्सहिस्टरी ३० आणि टोटलसाइझकॅप १ जीबी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

जेलिंकने बनवलेली इमेज

इथवर सगळं ठीक चाललं, आणि जेलिंकने (लागणारी मॉड्यूलं आणि जावा एकत्र बांधणाऱ्या साधनाने) स्वतंत्र इमेज बनवताच पुन्हा «नो प्रोव्हायडर्स». जावा सुरू होताना सेवेची गाठ आपोआप घालतं, जेलिंक तसं करत नाही. ते फक्त रिक्वायर्सचा धागा धरून जातं, आणि लॉगबॅक तर आपण मुद्दाम रिक्वायर्समध्ये लिहिलेला नाही. म्हणून तो नावाने मागायचा:

जेलिंक --मॉड्यूल-पाथ लिब --ॲड-मॉड्यूल्स कॉम.दुकान.ॲप,सीएच.क्यूओएस.लॉगबॅक.क्लासिक --आउटपुट दुकान-इमेज

--बाइंड-सर्व्हिसेस हा पर्यायही आहे, पण तो सापडतील त्या सगळ्या सेवा ओढून आणतो आणि इमेज उगाच फुगते. नाव देणंच बरं. मॉड्यूल-इन्फो नसलेला एखादा जुना जार लिबमधून ओढला जात असेल तर जेलिंक «ऑटोमॅटिक मॉड्यूल कॅनॉट बी यूज्ड» म्हणून थांबेल. लॉगबॅक १.२ याच कारणाने इथे चालत नाही. इमेज तयार झाल्यावर तिच्या बिनमधल्या जावाला --लिस्ट-मॉड्यूल्स देऊन यादी पाहा. चालवताना जावा.नेमिंगमधला एखादा क्लास नाही म्हणून नोक्लासडेफफाउंडएरर आला, तर त्या मॉड्यूलचं नावही --ॲड-मॉड्यूल्समध्ये स्वल्पविराम देऊन जोडा आणि इमेज पुन्हा बनवा. जेलिंक आधीच्या आउटपुट फोल्डरवर लिहीत नाही, तो आधी काढून टाकावा लागतो.